डायनॅमिकल सिस्टिम्समध्ये संशोधन करायचं आहे, गोव्यातून सुरुवात कशी करावी?

वाळपईकर_गणित

नमस्कार मंडळी. बीएस्सी गणित, तिसरं वर्ष. पुढे डायनॅमिकल सिस्टिम्समध्ये, म्हणजे ठरावीक नियमाने पायरी-पायरीने किंवा काळाबरोबर बदलत जाणाऱ्या गोष्टींच्या गणितात, पीएचडी करायची इच्छा आहे. प्रोजेक्टसाठी लॉजिस्टिक मॅप घेतला आहे, म्हणजे दर पायरीला क्ष च्या जागी र·क्ष(१ − क्ष) घ्यायचं.

एमएससी ताळगावला, गोवा विद्यापीठात, करावी की जॅम (आयआयटी वगैरेंची एमएससी प्रवेश परीक्षा) देऊन बाहेर पडावं? पायथनवर चित्रं काढता येतात, पण ते संशोधनाच्या जवळपास तरी जातं का? पीएचडीची वर्षं किती, पैसे किती? आणि शेवटी गोव्यात परतून काम मिळतं का? घरच्यांचा खरा प्रश्न हाच आहे.

प्रोजेक्टमध्ये दोन ठिकाणी अडलंय. र = ३ जवळ चित्र पसरट येतं. पहिल्या शंभर पायऱ्या टाकून दिल्या तरी रेघ बारीक होत नाही आणि दोन फांद्या नेमक्या कुठे फुटतात ते कळत नाही. दुसरं, डबलिंग मॅप, म्हणजे संख्या दुप्पट करायची आणि पूर्णांक भाग टाकून द्यायचा. कुठूनही सुरुवात केली तरी पन्नासेक पायऱ्यांनी शून्य येतं आणि पुढे शून्यच राहतं. पुस्तकात हा मॅप केऑटिक म्हटलाय, म्हणजे सुरुवातीच्या बारीक फरकाने पुढची वाट पूर्ण बदलणारा. कोड तीनदा तपासला.

---

अर्गोडिक

आधी प्रोजेक्टचं बघू, करिअरच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे. कोड बरोबर आहे. दोन्ही अडचणी गणितातल्या आहेत आणि त्यांची कारणं वेगवेगळी आहेत.

र = ३ ला स्थिर बिंदू २/३ आहे आणि तिथे डेरिव्हेटिव्ह नेमका −१ येतो. डेरिव्हेटिव्हचं निरपेक्ष मूल्य १ पेक्षा कमी असतं तेव्हा बिंदूपासूनचं अंतर दर पायरीला ठरावीक पटीने घटतं, मग शंभर पायऱ्या पुरून उरतात. −१ ला तशी पटच उरत नाही. अंतर य धर. एका पायरीनंतर ते −य − ३य² होतं. तीच पायरी पुन्हा कर: वर्गाचं पद उडून जातं आणि राहतं य − १८य³, चौथ्या घाताचं पद सोडून. म्हणजे घट होते ती फक्त घनपदाच्या जोरावर. त्यावरून न पायऱ्यांनंतरचं अंतर साधारण १ भागिले १८न चं वर्गमूळ इतकं निघतं. शंभर पायऱ्यांना ते ०.०२४ आहे, दहा हजारांना ०.००२४. चित्र पसरट दिसतंय ते यामुळे. २.९८ ते ३.०२ या पट्ट्यात टाकून द्यायच्या पायऱ्या भरपूर वाढव. त्याहून चांगलं म्हणजे तिथे पायऱ्यांवर विसंबूच नकोस. दोन-आवर्ती बिंदू र²क्ष² − र(र+१)क्ष + (र+१) = ० या वर्गसमीकरणातून हाताने मिळतात. ते चित्रावर वेगळ्या रंगाने काढ, फांदी कुठे फुटते ते स्वच्छ दिसेल.

डबलिंग मॅपचं दुखणं निराळं आहे. संगणकातल्या नेहमीच्या अपूर्णांकाला ५३ बायनरी अंकांची अचूकता असते. दुप्पट करून पूर्णांक भाग टाकणं म्हणजे अंकांची माळ एक घर डावीकडे सरकवणं. डावीकडचा अंक गळतो आणि उजवीकडून शून्य आत येतं. रँडम फंक्शनने दिलेल्या संख्येचे सगळे अंक ५३ पायऱ्यांत गळून जातात. पुस्तकातलं विधान ‘जवळजवळ प्रत्येक’ वास्तव संख्येबद्दल आहे. संगणकातल्या संख्यांचा छेद नेहमी २ चा घात असतो, तशी प्रत्येक संख्या शेवटी शून्यालाच जाते, आणि अशा सगळ्या संख्यांचं मेजर, म्हणजे एकूण लांबी, मिळून शून्य आहे. संगणक नेमक्या त्याच अपवादांवर चालतोय. टेंट मॅपलाही हेच होतं. उपाय दोन आहेत. हजारेक यादृच्छिक बिट्सची माळ आधी तयार कर आणि तिच्यावरून ५० बिट्सची खिडकी सरकवत ने. नाहीतर पूर्णांक अंकगणितात मोठी विषम मूळ संख्या छेद म्हणून घे. मग कक्षा आवर्ती असेल, पण आवर्तन लांब निघेल अशी मूळ संख्या निवडता येते.

लॉजिस्टिक मॅपमध्ये र = ४ घेतलास तर शून्य येत नाही, पण दर पायरीला सरासरी एक बिट माहिती जाते. त्यामुळे पन्नासेक पायऱ्यांपुढे पडद्यावरच्या आकड्याचा खऱ्या कक्षेशी संबंध राहत नाही. लॉरेन्झची समीकरणं (हवेच्या अभिसरणाचं साधं मॉडेल) नेहमीच्या १०, २८ आणि ८/३ या किमतींना घे. मोठा ल्यापुनोव्ह घातांक, म्हणजे बारीक चूक वाढण्याचा वेग, ०.९ च्या आसपास असल्यामुळे १०⁻¹⁶ इतकी बारीक चूक वेळेच्या चाळीस-पंचेचाळीस एककांत पूर्ण अ‍ॅट्रॅक्टरएवढी, म्हणजे कक्षा ज्या आकृतीवर जाऊन बसते तिच्याएवढी, होते. तरीही फुलपाखरासारखी ती आकृती दरवेळी तीच दिसते, आणि लांब पल्ल्याच्या सरासऱ्याही जुळतात. त्या का जुळतात, हा प्रश्न विचारलास की तू संशोधनाच्या दारात आलास. लॉरेन्झने ती समीकरणं १९६३ मध्ये छापली. चित्रातला अ‍ॅट्रॅक्टर खरोखर आहे हे वॉर्विक टकरने १९९९ मध्ये सिद्ध केलं. त्यासाठी संगणकाच्या प्रत्येक राउंडिंगला वरून-खालून हद्द घालणारं इंटरव्हल अंकगणित वापरलं. चित्र आणि सिद्धता यांत छत्तीस वर्षं गेली.

चित्रं जरूर काढ. अंदाज त्यातूनच सुचतात. पण या विषयातला पेपर उभा राहतो तो ‘जवळजवळ प्रत्येक’ या दोन शब्दांवर, आणि ते शब्द मेजर थिअरीतून येतात.

---

ताळगाव_पठार

एमएससीबद्दल. संस्थेच्या नावावर ठरवू नकोस, अभ्यासक्रमाचा कागद समोर घे. या विषयासाठी मेजर थिअरी आणि फंक्शनल अ‍ॅनालिसिस यांना पूर्ण एकेक सेमिस्टर हवं. सोबत टोपोलॉजी, कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिस, साधी डिफरन्शियल समीकरणं अस्तित्व आणि एकमेवतेच्या प्रमेयांसकट, आणि जमल्यास मॅनिफोल्ड्स. मेजर थिअरी दोन युनिटांत उरकलेली दिसली तर ती दुसरीकडून भरून काढावी लागेल हे धरून चाल.

फंक्शनल अ‍ॅनालिसिसची गरज कशाला, असं पुष्कळांना वाटतं. कॉम्पॅक्ट जागेवरच्या कंटिन्युअस मॅपला निदान एक तरी अपरिवर्ती (मॅप लावला तरी न बदलणारं) मेजर असतं, हे या विषयातलं अगदी पहिलं मोठं प्रमेय आहे. त्याची सिद्धता म्हणजे वीक-स्टार कॉम्पॅक्टनेस. तो विषय कच्चा राहिला की तिसऱ्या आठवड्यातच गाडी अडते.

घरबसल्या भरून काढायच्या दोन वाटा आहेत. एमटीटीएस ही चार आठवड्यांची उन्हाळी शाळा १९९३ पासून चालते आणि तिच्यात बीएस्सी, एमएस्सीसाठी वेगवेगळे स्तर आहेत. तिथे तयार व्याख्यानं कमी, फळ्यावर उभं करून ‘का?’ विचारणं जास्त. दुसरी वाट नॅशनल सेंटर फॉर मॅथेमॅटिक्सच्या शाळा, म्हणजे आयआयटी मुंबई आणि टीआयएफआर (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था) यांचा संयुक्त उपक्रम. त्यांच्या अ‍ॅन्युअल फाउंडेशन स्कूल्स पीएचडीच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांसाठी असतात, आणि अधूनमधून अर्गोडिक थिअरी (लांब पल्ल्याच्या सरासऱ्यांचा अभ्यास) किंवा डायनॅमिक्सवर खास शाळाही होते. अर्ज बरेच महिने आधी बंद होतात. शिवाय शिफारसपत्र लागतं, तेव्हा चतुर्थीच्या सुट्टीनंतर सरांना गाठायचं असं न करता आधीच सांगून ठेव.

जॅमचा पेपर तीन तासांचा, ६० प्रश्न, १०० गुण. रिअल अ‍ॅनालिसिस, लिनिअर अल्जेब्रा, ग्रुप थिअरी, डिफरन्शियल समीकरणं. हा अभ्यास कुठेही प्रवेश घेतलास तरी वाया जात नाही, त्यामुळे द्यावी.

पीएचडीसाठी मुख्य दार म्हणजे सीएसआयआर-यूजीसी नेट, फेलोशिप आणि अध्यापनासाठीची राष्ट्रीय परीक्षा. गणितात तीन भाग, एकूण २०० गुण. अ भागात २० पैकी १५ प्रश्न दोन गुणांचे, ब भागात ४० पैकी २५ तीन गुणांचे, क भागात ६० पैकी २० प्रश्न ४.७५ गुणांचे. क भागात निगेटिव्ह नाही, पण एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात आणि सगळे बरोबर पर्याय निवडले तरच गुण मिळतात. तिथे कामाला येते ती प्रतिउदाहरणांची शिदोरी. प्रत्येक प्रमेयातली एकेक अट काढून टाकली की काय मोडतं, याची वही करायची. याशिवाय एनबीएचएमची (राष्ट्रीय उच्च गणित मंडळाची) परीक्षा, टीआयएफआरची परीक्षा आणि गेट. टीआयएफआर आणि चेन्नईच्या आयएमएससी या गणितविज्ञान संस्थेच्या मुलाखतीत नेटच्या क्लृप्त्या चालत नाहीत. तिथे खडू हातात देऊन सिद्ध करायला लावतात. क्लास लावून दोन वर्षं फक्त पर्याय खोडायला शिकलेली मुलं तिथेच गळतात.

पैसे: जेआरएफ (नेटमधून मिळणारी कनिष्ठ संशोधन फेलोशिप) जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये, दोन वर्षांनी एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप) ४२,०००, अधिक घरभाडं. एकूण पाच वर्षं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएचडीला किमान तीन, कमाल सहा वर्षं आहेत. या विषयात पाच धर. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी झाली तर थेट पीएचडीला अर्ज करता येतो, हेही त्याच नियमांत आहे. तरी या विषयासाठी तसं करू नये असं मला ठामपणे वाटतं. मेजर आणि फंक्शनल अ‍ॅनालिसिस नीट न होता पीएचडीत शिरलं की पहिली दोन वर्षं तेच शिकण्यात जातात, आणि फेलोशिपचं घड्याळ काही थांबत नाही.

---

खाजन

वरचे दोघे शुद्ध गणिताच्या बाजूने बोलले. या विषयाला दुसरं टोक आहे आणि ते गोव्याच्या दारातच आहे. दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, वास्कोला हेडलँड सड्यावर ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्र आहे. समुद्रात काय कुठे वाहत जाईल, हा डायनॅमिकल सिस्टिम्सचाच प्रश्न आहे. पावसाच्या तोंडावर किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात ते सगळ्यांनी पाहिलेत. ते कुठून आले हे शोधायचं तर वेगाचं क्षेत्र घेऊन कण उलट्या काळात चालवायचे, आणि पाणी कुठल्या रेषांवर एकत्र येतं ते काढायचं. साधन म्हणजे सांत काळाचा ल्यापुनोव्ह घातांक, म्हणजे ठरलेल्या दिवसांत शेजारचे कण किती वेगाने दुरावतात त्याचं माप.

कृती अशी. प्रवाहाचा डेटा समज १/१२ अंशाच्या जाळीवर आहे, म्हणजे साधारण नऊ किलोमीटरवर एक बिंदू. कणांची जाळी त्याहून पाच ते दहा पट दाट घे. चौथ्या क्रमाच्या रुंगे-कुट्टाने प्रत्येक कण ठरलेले दिवस चालव. शेजारच्या चार कणांच्या शेवटच्या जागांवरून फ्लो मॅपचा ग्रेडियंट काढ, त्याचा ट्रान्सपोज गुणिले तोच असा मॅट्रिक्स कर. मोठ्या आयगेनव्हॅल्यूच्या वर्गमूळाचा लॉगरिदम भागिले काळ. तो नकाशावर काढलास की कणा, म्हणजे मोठ्या किमतींची रेघ, उठून दिसतो.

चुका कुठे होतात ते सांगतो. अंश आणि मीटर यांची गल्लत पहिली. गोव्याच्या १५.५ अंश अक्षांशावर एक अंश रेखांश सुमारे १०७ किलोमीटर, अक्षांशाचा अंश मात्र १११. दोन्ही सारखे धरले तर ग्रेडियंट तिरका होतो. दुसरी चूक किनाऱ्याची: जमिनीवरच्या चौकोनात डेटा नसतो. तिथे नुसतं शून्य भरलं की किनाऱ्याला समांतर खोटा कणा उमटतो, आणि आपल्याला तर किनाराच हवा असतो. किनाऱ्यालगतचे कण वेगळे काढून त्यांची खूण ठेवायची. तिसरी, रेषीय इंटरपोलेशनमुळे वेगाच्या क्षेत्राला जाळीच्या कडांवर मोडी पडतात. क्युबिक वापरलं तर त्या जातात. चौथी चूक गणिताची नाही, पण उत्तर तीच बिघडवते. तेल नुसत्या प्रवाहाबरोबर जात नाही, वाऱ्याच्या वेगाच्या साधारण तीन टक्के ओढही त्याला लागते. मान्सूनच्या वाऱ्यात ती सोडून चालत नाही.

आणखी एक. समुद्रविज्ञानात डेटातले मुख्य नमुने वेगळे काढायला रोज वापरतात त्या एम्पिरिकल ऑर्थोगोनल फंक्शन्समागचं प्रमेय करहुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने ओळखलं जातं. पण दामोदर धर्मानंद कोसंबींनी ते १९४३ मध्येच छापलं होतं, त्या दोघांच्या आधी. कोसंबींचा जन्म गोव्यातला, १९०७ चा. त्यांचे वडील धर्मानंद सांखवाळचे. आज जिथे बिट्सचा गोव्याचा कॅम्पस आहे, तोच भाग.

या टोकाला जायचं असेल तर एमएससीत न्यूमेरिकल अ‍ॅनालिसिस आणि आंशिक डिफरन्शियल समीकरणं घे, आणि एखादा फ्लुइड मेकॅनिक्सचा कोर्स. पायथन येतंच, फोरट्रान वाचता आलं पाहिजे. हवामान आणि समुद्राची जुनी मॉडेल्स त्यातच आहेत. पुण्याची उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आणि हैदराबादचं इनकॉइस हे समुद्र माहिती सेवा केंद्र हीही याच वाटेवरची ठिकाणं.

---

वाळपईकर_गणित

खूप खूप आभार. बिट्सची माळ करून पाहिली, शून्य येणं थांबलं. अजून एक विचारतो. शुद्ध बाजूला गेलो तर त्यातही इतक्या शाखा दिसतात, निवडायची कशी? आणि गाइड कसा शोधायचा? मेल टाकल्या तर उत्तरं येत नाहीत असं ऐकतो.

---

अर्गोडिक

शाखा गाइडसकट निवडतात, सुटी नाही. तरी आपल्या देशात मुळं कुठे खोल आहेत ते सांगतो. होमोजिनियस डायनॅमिक्स, म्हणजे ली ग्रुपच्या भागाकारांवरचे प्रवाह, हे टीआयएफआरचं जुनं बळ आहे. एम. एस. रघुनाथन यांनी युनिपोटेंट प्रवाहांच्या कक्षांबद्दल मांडलेलं अनुमान आणि एस. जी. दाणी यांचं काम ही इथलीच. ते अनुमान मरीना रॅटनर यांनी १९९० च्या सुमारास सिद्ध केलं. याचीच एक बाजू नंबर थिअरीला जाऊन भिडते. हवी असेल तर ली ग्रुप आणि अल्जेब्रा पक्कं कर. सिम्बॉलिक डायनॅमिक्सला, म्हणजे चिन्हांच्या माळा सरकवण्याच्या अभ्यासाला, पूर्वतयारी सगळ्यात कमी लागते, कॉम्बिनेटोरिक्स आवडत असेल तर प्रवेश सोपा. कॉम्प्लेक्स डायनॅमिक्स चित्रांमुळे भुलवतं, पण आत कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिस फार खोल लागतं. स्मूथ आणि हायपरबोलिक डायनॅमिक्सची मोठी घरं बाहेर: रिओ दि जानेरोची इम्पा ही गणित संस्था, इंग्लंडमधलं वॉरिक, अमेरिकेत मेरीलँड आणि पेन स्टेट. इटलीत त्रिएस्तच्या आयसीटीपी या आंतरराष्ट्रीय केंद्रातही हा गट आहे, आणि तिथला एक वर्षाचा डिप्लोमा आपल्यासारख्या देशांतल्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्तीसकट असतो. दुसऱ्या क्रमाच्या डिफरन्शियल समीकरणांच्या स्थिरतेचा भूमितीतून विचार करणारी एक शाखा कोसंबी, कार्तां आणि चर्न यांच्या नावाने चालते. पहिलं नाव पुन्हा तेच.

आपल्याला विषय आवडतो की त्याची चित्रं, हे तपासायला एक प्रश्न देतो. २ च्या घातांत ७ ने सुरू होणारी संख्या येते का? २ चा ४६ वा घात ७०३६८७४४१७७६६४ आहे, तिथे ती पहिल्यांदा येते. मग ७ ने सुरू होणाऱ्या जास्त की ८ ने? उत्तर १० च्या पायाने ८/७ चा लॉगरिदम, ०.०५८, विरुद्ध ९/८ चा, ०.०५१. हे का, ते वर्तुळावरच्या अपरिमेय फिरकीतून स्वतः सिद्ध कर. दोन आठवडे लागले तरी चालतील. ते करताना वेळेचं भान राहिलं नाही तर अर्गोडिक थिअरीकडे ये. आणि सिद्धतेपेक्षा आकडे तपासण्यातच रमलास तर खाजन यांनी सांगितलेली वाट तुझी आहे, तीही तितकीच मोठी.

गाइड शोधायचा तो असा. प्रीप्रिंटच्या, म्हणजे छापण्याआधीच्या पेपरांच्या, आर्काइव्हवर डायनॅमिकल सिस्टिम्सचा वेगळा विभाग आहे, गणिताच्या विषयवर्गीकरणात त्याचा क्रमांक ३७. भारतातल्या पत्त्याचे गेल्या पाच वर्षांतले पेपर तिथून काढ. ज्यांचं काम आवडतं त्यांच्याबद्दल तीन गोष्टी बघ. शेवटचा पेपर किती जुना, आधीच्या विद्यार्थ्यांनी किती वर्षांत पूर्ण केलं, आणि ते विद्यार्थी आज कुठे आहेत. मॅथेमॅटिक्स जीनिऑलॉजी प्रोजेक्टवर विद्यार्थ्यांची नावं मिळतात. निवृत्तीला चार वर्षं उरलेला गाइड पाच वर्षांच्या पीएचडीला घेताना आधी स्पष्ट विचारून घे.

मेलला उत्तर येत नाही, कारण पन्नास जणांना तीच मेल गेलेली असते आणि ती वाचताच कळते. दहा ओळी पुरे. कुठे शिकतोस, मेजर थिअरी कुठवर झाली, त्यांच्या एका पेपरचं कुठलं लेमा वाचलंस आणि नेमकं कुठे अडलास. अडलेली जागा खरी असली की उत्तर येतं. ‘आपल्या संशोधनाने भारावून गेलो’ हे वाक्य लिहू नये. मार्कशीट न मागता जोडू नये.

पीएचडीच्या चौथ्या वर्षापासून पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधन जागेची, तयारी. बाहेरच्या जागांचे अर्ज बहुतेक ऑक्टोबर ते डिसेंबर, रुजू व्हायचं पुढच्या सप्टेंबरात. तीन-चार शिफारसपत्रं लागतात आणि त्यांतलं निदान एक आपल्या संस्थेबाहेरच्या माणसाचं हवं. ते आयत्या वेळी उभं राहत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच बंगळुरूच्या आयसीटीएस या सैद्धांतिक विज्ञानाच्या केंद्रासारख्या ठिकाणच्या कार्यक्रमांना जायचं आणि तिथे आपलं काम फळ्यावर सांगायचं. पेपर वेळेत पाठव. गणितात रेफरीकडून उत्तर यायला सहा महिने ते दीड वर्ष लागतं, तेव्हा पाचव्या वर्षी पाठवलेला पेपर अर्जाच्या वेळी नुसता ‘पाठवला आहे’ म्हणूनच दिसतो. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या जर्नल्सच्या मेल येतील, त्या उघडूच नकोस. या विषयातली चांगली जर्नल्स सहसा लेखकाकडून पैसे मागत नाहीत, आणि तसल्या ठिकाणचा एक पेपर निवड समितीला दहा चांगल्या पेपरांआधी दिसतो.

---

आठवड्याचे_सोळा

गोव्यात परतण्याबद्दल. तीन प्रकारच्या जागा आहेत आणि तिन्हींचे नियम वेगळे.

पहिला प्रकार सरकारी आणि अनुदानित कॉलेजं. सहायक प्राध्यापकाला लेव्हल १०, मूळ वेतन ५७,७०० पासून. नेट किंवा सेट हवी. सेट महाराष्ट्र आणि गोवा या दोन राज्यांसाठी मिळून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. ती इथे चालते पण फेलोशिप देत नाही. सरकारी जागा लोकसेवा आयोगाकडून भरतात आणि तिथे पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि कोंकणी यायला हवी. मराठी येत असेल तर ती जमेची बाजू. बाहेर शिकायला जाताना दाखल्याचे कागद आधी जमवून ठेव, नंतर तालुक्याला खेपा घालाव्या लागतात. आठवड्याला सोळा तास शिकवायचं, त्यावर पेपर तपासणी, प्रवेश, नॅकच्या मूल्यांकनाचे कागद. संशोधन बंद पडतं ते इच्छा नसल्याने नाही, सलग तीन तास मिळत नसल्याने. वेळापत्रक ठरताना आठवड्यातली एक पूर्ण सकाळ मोकळी मागून घेणं आणि विद्यापीठातल्या किंवा आयआयटीतल्या सेमिनारला नियमाने जाणं, एवढ्यावर ते जिवंत राहतं. कॉलेजमध्ये कायम जागेची जाहिरात रोज निघत नाही. मधली वर्षं व्याख्यान-तत्त्वावर जातात. घरच्यांना हे आधीच सांगितलेलं बरं.

दुसरा प्रकार, ताळगावचं विद्यापीठ, फर्मागुडीला २०१६ मध्ये सुरू झालेली आयआयटी, कुंकळ्ळीची एनआयटी आणि झुआरीनगरचं बिट्स. आयआयटीत सहायक प्राध्यापक ग्रेड १ ला पीएचडीनंतर तीन वर्षांचा अनुभव लागतो, मूळ वेतन १,०१,५०० पासून. म्हणजे वरचं पोस्टडॉकचं सगळं यासाठी. एक पूल म्हणून डीएसटीची (केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची) इन्स्पायर फॅकल्टी फेलोशिप आहे: पाच वर्षं, दरमहा १,२५,००० आणि वर्षाला सात लाख संशोधन निधी. वयाची अट आहे, म्हणून पीएचडी रेंगाळू देऊ नये. या जागांना संशोधनच बघतात, आणि गोवा हवाच असा हट्ट धरून अर्ज करणाऱ्याला वर्षानुवर्षं थांबावं लागू शकतं. चार-पाच राज्यांत अर्ज करावेत, गोवा त्यातलं एक.

तिसरा प्रकार खाजन यांनी सांगितलाच आहे.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट, जी गणितवाल्यांना हमखास नडते. आपल्याकडे लेखकांची नावं अकारविल्हे लागतात, कोण पहिला याला अर्थ नसतो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत मात्र तीन किंवा जास्त लेखक असले की पहिल्या, मुख्य किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के गुण आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३०. दोघेच असले तर दोघांनाही ७०. ज्याचं आडनाव वर्णमालेत शेवटी येतं त्याचं नुकसान ठरलेलं. म्हणून तिघांच्या पेपरात पत्रव्यवहार करणारा लेखक कोण हे पाठवण्याआधी ठरवायचं, आणि अर्जाला वर्णक्रमाच्या प्रथेबद्दल एक परिच्छेद जोडायचा. कॉलेजच्या निवडीत त्याच नियमांप्रमाणे पेपरला दोन गुण, कमाल सहा. म्हणजे तीन पेपरांपुढे यादी वाढवून तिथे उपयोग नाही. आयआयटीला उलट, तिथे यादी मोजत नाहीत, वाचतात.

---

वाळपईकर_गणित

सगळं वहीत उतरवून घेतलं. घरी पंधरा वर्षांच्या दाखल्याचं सांगितलं, बाबा तलाठ्याकडे जाऊन येतो म्हणाले.

र = ३ ला २/३ पासूनचं अंतर मोजलं. दहा हजार पायऱ्यांना ०.००२४ आलं, तुम्ही दिलेल्या सूत्राप्रमाणेच. लाख पायऱ्यांना ०.०००७५.

---

अर्गोडिक

छान. आता पायऱ्या आणि अंतर दोन्हींचा लॉगरिदम घेऊन आलेख काढ, उतार −१/२ यायला हवा. तोच आलेख र = १ + √६ ला काढ, म्हणजे सुमारे ३.४४९५, जिथे दोनाचे चार होतात. तिथला १८ च्या जागचा आकडा वेगळा असेल, उतार तोच राहील. तो आकडा हाताने काढून आलेखाशी जुळवलास तर प्रोजेक्टमध्ये ते एक वेगळं प्रकरण कर. मेलला जोडायचं असेल तर तेवढंच जोड.